कोइंब्रातील उन्हाळी वर्ग आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने

पोर्तुगालच्या मध्यभागी, मोंदेगु नदीच्या उजव्या तीरावरील टेकडीवर वसलेल्या कोइंब्रा नगरात जुलै महिना उजाडला आणि विद्यापीठाचे नेहमीचे विद्यार्थी परीक्षा आटोपून आपापल्या गावी पांगू लागले, म्हणजे त्यांच्या रिकाम्या वर्गांतून एक निराळाच विद्यार्थिवर्ग येऊन बसतो. पोलंड, जपान, चीन, अमेरिका अशा नाना देशांतून ही मंडळी पोर्तुगीज भाषा शिकावयास आलेली असतात, आणि विद्यापीठाची वाङ्मयशाखा त्यांच्यासाठी सुटीतला खास अभ्यासक्रम चालविते. या मंडळींत एका वर्षी फोंडा तालुक्यातील, पणजीच्या एका महाविद्यालयात इतिहास विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणारी माझी एक विद्यार्थिनी होती. तिने तेथून ईमेलने जी लांबलचक पत्रे धाडली त्यांत प्रेक्षणीय स्थळांची वर्णने थोडी आणि अडचणींच्या कैफियती पुष्कळ असल्यामुळे ती मला विशेष उपयुक्त वाटली. युरोपात एक उन्हाळा शिकून येण्याची उमेद बाळगणाऱ्या आपल्याकडील मुलामुलींना या प्रकाराचे खरे स्वरूप कळावे, एवढ्याच हेतूने त्या पत्रांतील मजकुराला अवश्य त्या माहितीची जोड देऊन हा लेख लिहीत आहे.

लंडन, पॅरिस, बर्लिन ही विद्यानगरे सोडून कोणी कोइंब्रास का जावे, असा प्रश्न पुष्कळांनी तिला विचारला. गोव्यातील कित्येक कुटुंबांना पोर्तुगाल देशाची ओळख आज केवळ पासपोर्टापुरती उरली असल्यामुळे, तिचाही हेतू तोच असावा असा तर्क शेजाऱ्यांनी बांधला होता, तो अर्थातच खोटा होता. मराठ्यांच्या इतिहासाची जी साधने मराठी व फारसी यांखेरीज इतर भाषांत विखुरलेली आहेत, त्यांत पोर्तुगीज कागदपत्रांचे स्थान फार वरचे आहे, आणि ते कागद वाचू शकणारी माणसे आपल्यात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, हे तिच्या जाण्याचे खरे कारण होते. गोव्याचा दप्तरखाना १५९५ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे पहिले दप्तरदार म्हणून दियोगु दु कोतु या इतिहासकाराची नेमणूक झाली. तेव्हापासून राजाचे हुकूम, व्हाइसरॉयचे खलिते, शेजारच्या राजांशी झालेले तहनामे, जकातीचे हिशेब, वकिलांच्या बातम्या हे सर्व तेथे साठत गेले. मोसमी वाऱ्यांबरोबर लिस्बनहून येणाऱ्या व परत जाणाऱ्या जहाजांतून राजा आणि व्हाइसरॉय यांच्यामध्ये जो पत्रव्यवहार होई, त्याचे ‘लिव्रोस दास मोंसोइस’ म्हणजे मोसमी ग्रंथ बांधून ठेवीत. त्यांतील ६२ खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेण्यात आले व उरलेले पणजीत राहिले. म्हणजे एकाच पत्रव्यवहाराचा काही भाग मांडवीच्या काठी आणि काही भाग तेजू नदीच्या काठी, अशी अभ्यासकाची पंचाईत तेव्हापासून होऊन बसली आहे.

या साधनांचे मोल आपल्या लोकांना ज्यांनी दाखवून दिले ते सत्तरीतील पिसुर्ले गावचे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९). गोव्याच्या दप्तरखान्याची व्यवस्था दीर्घकाळ सांभाळीत असता त्यांनी पोर्तुगीज–मराठे संबंधांवर प्रबंध लिहिले, आणि गोव्याच्या राज्यमंडळाच्या बैठकींचे १६१८ ते १७५० या काळातील वृत्तान्त पाच खंडांत १९५३ ते १९५७ या वर्षांत संपादून प्रसिद्ध केले. १६८३ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजीराजे चालून येताच त्यास माघार घ्यावी लागली, आणि त्याच महिन्यात जुवे बेटावरचा कोट मराठ्यांनी एका रात्रीत घेतला, हे आपण शाळेत वाचतो. परंतु पराभवाच्या छायेत बसलेले राज्यमंडळ त्या दिवसांत काय बोलत होते, कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता, पैसा कोठून आणावयाचा याविषयी कोण काय सुचवीत होते, हे कळावयाचे तर त्या खंडांखेरीज गत्यंतर नाही. तिच्या गावापासून तो किल्ला हाकेच्या अंतरावर. किल्ल्याचे अवशेष लहानपणापासून पाहत आलेल्या मुलीला त्या वेढ्याचा वृत्तान्त भाषांतराच्या कुबड्या घेऊन वाचावा लागणे खटकले, यात नवल नाही.

शिक्षणासाठी परदेशी अल्पकाळ राहून यावयाची पद्धत तशी नवी नाही. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने १९२३ मध्ये आठ विद्यार्थी फ्रान्सला धाडून तिचा पाया घातला. युरोपीय समुदायाने १९८७ मध्ये ‘इरॅस्मस’ योजना सुरू करून आपल्या देशांतील विद्यार्थ्यांची परस्परांकडे ये-जा नेहमीचीच करून टाकली. आपल्याकडील पूर्वसूरींची रीत निराळी होती. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या, रामचंद्र नारायण दांडेकर हायडेलबर्गला गेले, ते वर्षानुवर्षे राहून डॉक्टरेट घेऊनच परतले. एका महिन्यात जर्मन शिकून येण्याची कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली असती. ती पूर्वीची रीत अधिक भक्कम होती हे मान्य करूनही, पदवीच्या विद्यार्थ्याला परवडण्याजोगी आणि घरच्यांना पटण्याजोगी गोष्ट आज उन्हाळी वर्ग हीच आहे, हे विसरून चालणार नाही.

परवान्यांची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती कोणालाही रुचकर वाटण्याजोगी नाही. पोर्तुगाल शेंगेन करारातील देश असल्याने नव्वद दिवसांच्या आतील मुक्कामाला अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. त्यासाठी विद्यापीठाचे प्रवेशपत्र, राहण्याच्या सोयीचा दाखला, खर्चाच्या तरतुदीचा पुरावा, परतीचे तिकीट आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा एवढे कागद जोडावे लागतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलणारास मनस्ताप ठरलेला. अभ्यासक्रमाच्या अखेरीस परीक्षा होऊन जे प्रमाणपत्र मिळते त्यावर युरोपीय श्रेयांक नोंदलेले असतात. वर्षाच्या पूर्ण अभ्यासाला साठ श्रेयांक आणि एका श्रेयांकामागे पंचवीस ते तीस तासांचे काम, असा त्यांचा हिशेब आहे. हे श्रेयांक आपले विद्यापीठ जमेस धरील की नाही याची चौकशी निघण्यापूर्वी लेखी करून ठेवावी. तोंडी आश्वासनाला परतल्यावर कोणी वाली राहत नाही.

कोइंब्राचे विद्यापीठ युरोपातील अतिप्राचीन विद्यापीठांत गणले जाते. राजा दिनिश याच्या सनदेने १२९० मध्ये ते लिस्बन येथे स्थापन झाले, पुढे अडीचशे वर्षे लिस्बन आणि कोइंब्रा यांच्यामध्ये त्याची हलवाहलव होत राहिली, आणि १५३७ मध्ये तिसऱ्या जुआंव राजाच्या आज्ञेने ते कोइंब्रात कायमचे स्थिर झाले. राजाने आपला वाडाच विद्यापीठाला राहावयास दिला. जेथे पूर्वी सिंहासन होते त्या दालनात आज डॉक्टरेटच्या परीक्षा आणि पदवीदानाचे समारंभ होतात. या वाड्याच्या चौकात उभ्या असलेल्या मनोऱ्यावरील घंटेला विद्यार्थी ‘काब्रा’ म्हणजे शेळी म्हणतात; पिढ्यान्‌पिढ्या वर्गाला बोलाविणाऱ्या घंटेस विद्यार्थ्यांनी आदराचे नाव ठेविले असते तरच आश्चर्य वाटले असते.

पहिल्या दिवशी सर्वांची लेखी व तोंडी परीक्षा घेऊन त्यांना योग्यतेनुसार निरनिराळ्या वर्गांत वाटून देतात. युरोपात परकीय भाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरविलेल्या आहेत; अक्षरओळखीपासून आरंभ करणारा पहिल्या पायरीवर आणि ग्रंथकर्त्याच्या सफाईने लिहिणारा सहाव्या. माझ्या विद्यार्थिनीने पणजीत वर्षभर संध्याकाळच्या वर्गात पोर्तुगीज गिरविली होती, व्याकरणाच्या उत्तरपत्रिकेत तिने उत्तम गुण मिळविले, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकबाईंचा पहिलाच प्रश्न तिला कळला नाही. कारण पोर्तुगालातील पोर्तुगीज लोक अनाघात स्वर जवळजवळ गिळून टाकतात. कागदावर पाच अक्षरांचा दिसणारा शब्द बोलताना अडीच अक्षरांचा उरतो. ब्राझीलच्या चित्रपटांवरून भाषा शिकलेल्यांची तर याहून अधिक फजिती होते, कारण तेथील उच्चार मोकळे असतात. अनुनासिक स्वरांच्या बाबतीत मात्र कोंकणी व मराठी बोलणाऱ्याचे नाक कामी येते, आणि ज्या उच्चारावर जपानी सहाध्यायी दिवसभर घाम गाळीत होता तो तिला पहिल्याच प्रयत्नात साधला, एवढाच काय तो त्या दिवसाचा विजय.

सकाळी व्याकरण आणि संभाषण, दुपारी इतिहास, कला, साहित्य यांवरील व्याख्याने, आणि शनिवारी बहुधा एखादी सहल, असा सामान्य क्रम. सहलींपैकी कोनिंब्रिगा येथील रोमन नगराची तेवढी तिने मनापासून तारीफ केली. कोइंब्रापासून दहा मैलांवर असलेल्या या उत्खननात कारंज्यांचे एक घर आणि त्याच्या जमिनीवरील रंगीत दगडी चित्रे आजही टिकून आहेत. बाकी सहलींविषयी तिच्या पत्रांत फारसे काही नाही, आणि मीही विचारले नाही.

श्रुतलेखनावर मात्र तिने पानेच्या पाने लिहिली आहेत. शिक्षिका परिच्छेद वाचीत, विद्यार्थी लिहीत, मग एकेक चूक फळ्यावर घेऊन तिचे कारण सांगितले जाई. हा जुना, काहीसा कंटाळवाणा व्यायाम रोज होई. पहिल्या आठवड्यात तिच्या वहीत तांबड्या शाईखेरीज काही दिसत नसे, आणि तिसऱ्या आठवड्यात तिला बातम्या समजू लागल्या. आणखी एक शाळा तिला खोली भाड्याने देणाऱ्या वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरात मिळाली. या बाई दूरदर्शनवरील मालिका पाहता पाहता तिला प्रत्येक पात्राचे पाप-पुण्य समजावून सांगत, आणि मासे न खाणारी गोव्याची मुलगी असू शकते यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. खारवलेला ‘बाकाल्याउ’ मासा हे त्या देशाचे राष्ट्रीय अन्न; शाकाहारी माणसाने भाजीचे सूप मागवितानाही त्यात मांसाचा तुकडा नाही ना, हे विचारून घ्यावे, कारण ‘काल्दु व्हेर्द’ या हिरव्या सूपात सॉसेजची चकती हमखास तरंगत असते. सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवणाची वेळ कोणती आणि अभ्यासाची कोणती, हा गोंधळ प्रारंभी सर्वांचाच होतो.

उन्हाळी विद्यार्थ्याला विद्यापीठ दिसते ते त्याच्या विद्यार्थ्यांवाचून, ही या वर्गांची मोठी उणीव मला वाटते. काळा झगा आणि काळा कोट घातलेले तरुण, मे महिन्यातील फिती जाळण्याचा उत्सव, ‘रेपुब्लिका’ नावाची विद्यार्थ्यांची सामाईक बिऱ्हाडे, या सर्वांमुळे कोइंब्रा प्रसिद्ध आहे. जुलैच्या अखेरीस रस्त्यावर जे झगे दिसतात ते बहुधा प्रवाशांना काहीतरी विकण्यासाठी अंगावर चढविलेले असतात. कोइंब्राचा फादु हा गीतप्रकार परंपरेने पुरुष विद्यार्थ्यांनीच गावयाचा, पोर्तुगीज गिटारीच्या साथीने, आणि श्रोत्यांनी टाळ्या न वाजविता खाकरून दाद द्यावयाची असा संकेत आहे. तिने तो एका प्रेक्षागृहात तिकीट काढून ऐकला. गाणे चांगले झाले, परंतु सभागृहात खाकरणारा एकही मनुष्य नव्हता, सगळे टाळ्याच वाजवीत होते, असे तिने लिहिले.

जुआनिना ग्रंथालयाविषयी न लिहिता कोइंब्राचा विषय सोडणे शक्य नाही. पाचव्या जुआंव राजाच्या काळात, १७१७ ते १७२८ या वर्षांत बांधलेल्या या वास्तूच्या भिंती सुमारे दोन मीटर जाड आहेत, आत सोनेरी नक्षीचे कपाटांचे मजले आहेत, आणि त्या कपाटांमागे वटवाघळांची वस्ती आहे. ग्रंथ खाणारे किडे ती रात्री टिपून खातात म्हणून त्यांना हाकलण्याऐवजी जपतात, आणि त्यांच्या विष्ठेने मेजे खराब होऊ नयेत यासाठी रोज संध्याकाळी त्यांवर चामडे पसरून सकाळी ते काढून टाकतात. ग्रंथालयाच्या खाली विद्यापीठाचा तुरुंग आहे. पूर्वी विद्यापीठाला स्वतःचे न्यायाधिकार होते, आणि अपराधी विद्यार्थ्याला शहराच्या कोतवालाकडे न देता येथे कोंडीत. आपल्या दप्तरखान्यांतील वाळवी पाहिलेल्या कोणालाही या वटवाघळांचा हेवा वाटेल.

ग्रंथालयापासून थोडे पुढे गेले की ओकेबोके चौक आणि अजस्र चौकोनी इमारती लागतात. कोइंब्रातच अर्थशास्त्राचा अध्यापक असलेला सालाझार देशाचा हुकूमशहा झाल्यावर, विद्यापीठाला भव्य रूप देण्यासाठी १९४० नंतर टेकडीवरची जुनी वस्ती मोठ्या प्रमाणावर पाडून या इमारती उभारण्यात आल्या. त्याच राजवटीविरुद्ध १९६९ च्या एप्रिलात येथील विद्यार्थ्यांनी उघड बंड पुकारले. गोमंतकीयांना या नगराशी जोडणारा धागाही राजसत्तेच्या विरोधाचाच आहे. मडगावचा आदेओदातो बार्रेतो (१९०५–१९३७) येथे शिकत असता त्याने वाङ्मयशाखेत भारतविषयक संस्था काढली, आणि तेलो द माश्कारेन्याश प्रभृती मित्रांसह १९२८ मध्ये ‘इंदिया नोव्हा’ हे नियतकालिक चालवून भारतीय राष्ट्रवादाचा पुरस्कार खुद्द पोर्तुगीज भूमीवर केला. पुढे माश्कारेन्याश यांनी गोवामुक्तीच्या लढ्यात उडी घेतली आणि १९७० पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात काळ कंठला. या मंडळींचा मागोवा घेणारी व्याख्याने उन्हाळी वर्गात झाली नाहीत. तिने तो विषय स्वतः ग्रंथालयात शोधून काढला, आणि माझ्या मते महिन्यातील तिचे उत्तम काम तेच.

वर्ग संपल्यावर ती आगगाडीने लिस्बनला गेली, आणि तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय दप्तरखान्यात नाव नोंदवून मोसमी ग्रंथांतील एका खंडाची मागणी केली. जुन्या किल्ल्याच्या ज्या बुरुजावरून या संस्थेचे नाव पडले तो १७५५ च्या भूकंपात कोसळला. आजची इमारत १९९० ची आहे. मूळ खंड हाती मिळाला नाही, पडद्यावर त्याची छायाचित्रे पाहावयास मिळाली, आणि त्यांतील पहिल्या पानावरील तीनच शब्द तिला लागले. “सर, वर्गात शिकलेली भाषा ही नव्हेच,” असे तिने त्या रात्री कळविले.

तिचे म्हणणे खरे होते. सतराव्या शतकातील कारकुनाचे अक्षर वाचावयाचे तर तीन कुंपणे ओलांडावी लागतात. आजची भाषा हे पहिले. १९११ मध्ये पोर्तुगालात शुद्धलेखनाची सुधारणा होण्यापूर्वीची जुनी लेखनपद्धती, जीत अक्षरे दुप्पट लिहीत आणि एकच नाव एका पानात तीन तऱ्हांनी येई, हे दुसरे. आणि कारकुनांनी वेळ वाचविण्यासाठी योजलेल्या संक्षेपांची, अक्षरांवर काढलेल्या रेघांची व वळणांची लिपी हे तिसरे. उन्हाळी वर्ग पहिल्या कुंपणापलीकडे नेऊ शकतो, आणि तेही निम्मे आधीच चढून गेलेल्यालाच. दुसऱ्यासाठी छापील साधने आहेत: कुन्या रिव्हारा यांनी गोव्यात असता छापलेले जुन्या लेखांचे संग्रह, बीकर यांनी १८८१ ते १८८७ या काळात चौदा खंडांत प्रसिद्ध केलेले तहनामे, आणि पिसुर्लेकरांचे राज्यमंडळाचे वृत्तान्त. त्यांत अक्षर लावण्याचा त्रास नसून भाषा मात्र जुनी आहे, म्हणून नवशिक्याने तेथूनच आरंभ करावा. तिसऱ्यासाठी गुरू लागतो आणि वर्षे लागतात.

असे असता दप्तरखान्यांची कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर घरबसल्या संगणकावर दिसू लागलेल्या या काळात इतका खर्च करून जावेच कशाला, हा आक्षेप मी टाळू इच्छीत नाही. कागद पाहण्यासाठी जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. प्रमाणपत्रासाठी तर मुळीच जाऊ नये. चुका रोज दुरुस्त करणारा शिक्षक, आणि दुसरी भाषा न येणारा शेजार, या दोन गोष्टी पणजीत किंवा पुण्यात मिळत नाहीत, त्यांच्यासाठी जावे, आणि ज्याची पूर्वतयारी नाही त्याने हा पैसा राखून ठेवावा. आरंभीच्या पायरीवर बसलेले तिचे काही सहाध्यायी महिनाअखेरीस कॉफी मागविण्याइतपत पोर्तुगीज शिकून परतले. तेवढे तर पुस्तकावरूनही येते.

परतल्यावर तिने राज्यमंडळाच्या वृत्तान्तांतील १६८३ सालची प्रकरणे शब्दकोश हाताशी घेऊन वाचावयास घेतली आणि आता ती त्यांचे मराठी टिपण करीत आहे. तिच्यामागून जाऊ इच्छिणाऱ्यांस एवढेच सांगावयाचे, की पोर्तुगीज शासनाचे कामोंइश प्रतिष्ठान आणि पणजीत शाखा असलेले फुंदासांव ओरिएंत यांच्याकडे भाषाशिक्षणाच्या साहाय्याविषयी चौकशी करावी. व्हिसाचा अर्ज एप्रिलात केला तरी चालेल, परंतु भाषेचा पहिला धडा त्याच्या आधीच्या वर्षीच्या जूनमध्ये, शक्यतो आपल्याच गावाजवळच्या वर्गात, घेतलेला असावा.